बी-बाटलीची साक्ष

मी बी-बाटली बोलतेय. नुसती बाटली म्हणाल तर मला राग येईल. खोबरेल तेलाचीही बाटलीच असते आणि खोकल्याच्या औषधाचीही. मी उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीतली बी-बाटली आहे. माझी थोरली बहीण ए. आम्ही दोघी एकाच खोक्यात, एकाच दिवशी, एका थंड देशातल्या कारखान्यात जन्मलो.

आमची काच जाड, दर्जा उत्तम. पण खरी करामत आमच्या झाकणात आहे. ते एकदा घट्ट बसवलं की उलटं फिरत नाही. उघडायचं तर तोडावं लागतं, आणि तोडलं की जगाला कळतं. असं झाकण देवाने काही माणसांच्या तोंडालाही द्यायला हवं होतं, असं मला नंतर दुबईत राहून वाटू लागलं.

आमचं काम थोडक्यात सांगते. खेळाडूने लघवीचा नमुना द्यायचा. त्यातला अर्धा एमध्ये, अर्धा माझ्यात. दोघींवर एकच क्रमांक. ए प्रयोगशाळेत जाते, तिचं झाकण तुटतं, तपासणी होते. मी मात्र बर्फात पडून राहायचं. एमध्ये काही सापडलं आणि खेळाडू म्हणाला की हे खोटं आहे, तरच मला उघडायचं, आणि तेही त्याच्या डोळ्यांसमोर. शंभरातल्या नव्याण्णव बी-बाटल्या कुणी न उघडताच नष्ट होतात. धाकटीचं नशीब, दुसरं काय!

दोन हजार तीन साली अमिरातीत पगारी बेसबॉलची एक साखळी स्पर्धा भरली होती. सहा संघ, चार महिने. निम्मे खेळाडू परदेशातून आणलेले, उरलेले इथेच नोकरीधंदा करणारे. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्येही तेव्हा तपासणीला नुकती कुठे सुरुवात होत होती, त्यामुळे इथले खेळाडू आमच्याकडे पाहून नाकं मुरडायचे. साखळीचे मॅनेजर गुणवंत साहेब मुंबईचे. दुबईतल्या देरा भागातल्या ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकायचे. आमचं खोकं पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा ते म्हणाले, "सत्तर दिरहॅमला एक किट? म्हणजे जवळजवळ नऊशे रुपये! एका माणसाच्या लघवीला?"

"एका माणसाच्या नावाला, सर," विभावरीबाई म्हणाल्या.

विभावरीबाई आमच्या चाचणी अधिकारी. मूळच्या पुण्याच्या. अंगाने किरकोळ, आवाजाने मोठ्या. नियमांची वही त्यांना तोंडपाठ होती आणि त्या वहीबाहेरचा एक नियम त्यांनी स्वतःच घातला होता. त्यांच्या आईने त्यांना लहानपणापासून शिकवलेलं, की प्रवासात सगळे पैसे एका खिशात ठेवायचे नाहीत. म्हणून त्या ए आणि बीला एका गाडीतून कधीच पाठवत नसत. ए साखळीच्या गाडीतून प्रयोगशाळेत आणि बी त्यांच्या स्वतःच्या गाडीतून रास अल खोरच्या शीतगृहात. यावरून गुणवंत साहेब त्यांची टिंगल करायचे. मला मात्र ही पद्धत आवडायची, कारण निदान तेवढ्यापुरता माझा वेगळा थाट असे.

मार्चमध्ये एक मोठी गोष्ट घडली. लांबच लांब चेंडू मारणारा एक नावाजलेला परदेशी खेळाडू ए-चाचणीत सापडला. तो दोन वकील घेऊन आला. माझ्याच खेपेतली एक बी उघडली गेली, तीही तशीच निघाली. बंदी घालून त्याला घरी पाठवलं. त्या दिवसापासून खेळाडू आमच्यासमोर जरा जपून बोलू लागले. मला वाटलं, चला, आपल्या जातीचा दबदबा झाला.

मग मेमध्ये माझी पाळी आली.

डोंगरापलीकडच्या खोर फक्कानला सकाळी उपांत्य सामना होता. सामना संपल्यावर चाचणीसाठी शैलेंद्र नावाच्या पिचरची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याची, चिठ्ठी निघाली. हा अमळनेरचा. विद्यापीठाकडून बेसबॉल खेळलेला, पण बेसबॉलवर घर चालत नाही म्हणून दुबईत येऊन सहा वर्षं भाजीच्या गोदामात कांद्याच्या गोणी उचलत होता. साखळीने स्थानिक खेळाडू शोधले तेव्हा निवडला गेला. वय एकतीस, आणि चेंडूचा वेग असा की परदेशी खेळाडूही मान वळवून बघायचे. त्याने नमुना दिला, माझं झाकण आपल्या हाताने बसवलं आणि क्रमांक दोनदा वाचला. चार हजार चारशे सतरा. त्याचा हात खरबरीत होता आणि पकड हळुवार.

विभावरीबाईंनी मला बर्फाच्या पेटीत ठेवून गाडीच्या मागच्या सीटवर, त्यांच्या लेकीशेजारी ठेवलं.

"आई, इज दॅट पी? इन आवर कार?" ईशानी किंचाळली.

"सॅम्पल आहे ते. नीट धर, सांडायचं नाही."

"इट कान्ट स्पिल, आई. इट्स लॉक्ड."

पोर हुशार आहे. दोन तासांत मी शीतगृहात उणे वीस अंशांवर जाऊन निवांत झाले. ए दुसऱ्या गाडीतून गेली. तिच्या प्रवासात काय झालं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

आठवड्याने, रविवारी, विभावरीबाई आमची मोजदाद करायला आल्या. ताट बाहेर काढलेलं होतं. तेवढ्यात गुणवंत साहेब आत आले आणि त्यांच्यामागे शैलेंद्र. त्याची मान खाली होती.

"मॅडम, फोर फोर वन सेव्हन. ए पॉझिटिव्ह आलाय. टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण वर. यानं साइन केलंय, बी उघडायची नाही. बाटली डिस्पोज करा, मॅटर खलास."

विभावरीबाईंनी कागद घेतला. "सही कुठे केलीत?" त्यांनी शैलेंद्रला विचारलं.

"ऑफिसात, मॅडम. काल."

"काही घेतलंय तुम्ही?"

"नाही मॅडम. सर्दी झाली तेव्हा गोळीसुद्धा तुम्हाला विचारून घेतली होती."

"मग सही कशाला केलीत?"

"साहेबांनी कागद पुढे केला. इथे आल्यापासून जो कागद पुढे येईल त्यावर सही केलीय, मॅडम. पासपोर्ट त्यांच्याकडे, व्हिसा त्यांच्याकडे. सही केली नाही असा एकही कागद मला आठवत नाही."

माझ्या काचेवर बर्फ होता, तरी आतून मला चटका बसला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच की काय? पण खरं सांगते, हा संन्यासी आहे की चोर, हे मलाही ठाऊक नव्हतं. मी काच आहे. पोटात काय आहे ते मला कळत नाही. मी ते फक्त जसंच्या तसं जपते.

विभावरीबाईंनी तो इंग्रजी कागद मराठीत मोठ्याने वाचला. "'ए-नमुन्याचा निकाल मला मान्य आहे आणि बी-नमुना उघडून घेण्याचा माझा हक्क मी सोडत आहे.' कळलं? म्हणजे मी औषध घेतलं, असं तुम्ही स्वतः लिहून दिलंत."

शैलेंद्रचा चेहरा पांढराफटक पडला. "साहेब तर म्हणाले, देश सोडायची, एक्झिटची साधी फॉर्मॅलिटी आहे."

"अरे तुझ्या भल्याचंच बघतोय ना मी!" गुणवंत साहेब वैतागले. "मॅडम, व्हाय ड्रॅग? फायनल फ्रायडेला आहे. प्रेसला कळलं तर स्पॉन्सर जाईल. चुपचाप घरी गेला तर बॅन नाही, नाव नाही. दुसरा पिचर आहे आपल्याकडे."

"त्या बड्या खेळाडूची बी उघडलीत ना?"

"त्याचे लॉयर होते, मॅडम."

"याची मी आहे," विभावरीबाई म्हणाल्या. "नियम बारा. हक्क सोडायचा कागद माझ्यासमोर, खेळाडूच्या भाषेत वाचून दाखवून सही करून घ्यायचा. नाहीतर तो कागद नाही, रद्दी आहे." मग त्या शैलेंद्रकडे वळल्या. "पण नीट ऐका. बीसुद्धा तशीच निघाली तर दोन वर्षं बंदी. नाव जाहीर होईल. व्हिसा जाईल. मी तेव्हा काहीही करणार नाही. आता सांगा."

शैलेंद्र म्हणाला, "आमच्या गावच्या पेपरात माझा फोटो आला होता. माझ्या बायकोनं, विनितानं, तो कापून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. चुपचाप घरी गेलो तरी ती विचारणारच, परत का आलात? मी काय सांगू?" त्याने माझ्याकडे बोट केलं. "उघडा."

काय सांगू तुम्हाला! साऱ्या जन्मात मला उद्देशून कुणी काही बोललं असेल तर ते हे.

सोमवारी देराच्या प्रयोगशाळेत माझा सोहळा झाला. हो, मी सोहळाच म्हणते. पांढऱ्या टेबलावर मी मधोमध. शैलेंद्रने मला हातात घेऊन चारी बाजूंनी निरखलं, क्रमांक वाचला, झाकण ओढून पाहिलं, फिरवून पाहिलं. ते जागचं हललं नाही. "माझ्याच हाताने बसवलेलं आहे," तो म्हणाला. मग यंत्राने झाकण तोडलं. कडाड! दुखलं का विचाराल तर अजिबात नाही. नव्याण्णव जणींना न मिळालेलं भाग्य मला मिळत होतं.

निकालाला तीन दिवस होते, आणि कुजबूज आधीच पसरली होती. शैलेंद्र राहायचा त्या गोदामातल्या कामगारांच्या खोलीत त्याच्याशी दोघे सोडले तर कुणी बोलत नव्हतं, असं पुढे कळलं. काहींनी तर त्याच्या खाटेखालची पेटीही उघडून पाहिली होती.

गुरुवारी दुपारी प्रयोगशाळेच्या डॉक्टरांनी कागद वाचला. बी-नमुना स्वच्छ. प्रमाण अगदी योग्य. उत्तेजक द्रव्याचा मागमूस नाही. नियमाप्रमाणे ए आणि बी जुळले नाहीत, तर खेळाडू निर्दोष.

शैलेंद्र मटकन खाली बसला आणि रडला. मोठ्याने, तोंड न झाकता. विभावरीबाईंनी त्याला पाण्याचा पेला दिला आणि स्वतःचे डोळे पुसले, पण पदराआड नव्हे, सगळ्यांसमोर.

"मग ए अशी कशी आली?" गुणवंत साहेबांना राहवेना.

विभावरीबाईंनी साखळीच्या गाडीचा ड्रायव्हर नागेश याला बोलावलं. हा रत्नागिरीकडचा, कामाला वाघ आणि मनाने देवमाणूस. त्यांनी विचारलं, "नागेश, खोर फक्कानहून येताना गाडी कुठे थांबवली होती?"

"डोंगरातल्या बाजारात, मॅडम. जेवलो. मग झाडाखाली जरा पाठ टेकली. दोनेक तास."

"इंजिन चालू होतं?"

नागेशने छाती पुढे काढली. "छे! बंद केलं. गावाला ट्रक चालवायचो तेव्हा आमच्या मालकांनी शिकवलंय, उभी गाडी, बंद इंजिन. पेट्रोल फुकट कशाला जाळायचं? इथले लोक बघा, चहा पिईपर्यंत एसी चालू ठेवतात."

गाडीतली थंड पेटी इंजिनावरच चालायची. मे महिना, भर दुपार, गाडी उन्हात आणि नागेश तेवढा सावलीत. बिचारी ए आत शिजत पडली, तिच्यातला नमुना नासला, जंतू वाढले आणि त्यांनीच ते प्रमाण बिघडवलं, असं डॉक्टरांनी समजावलं. काटकसर करायला गेला आणि एका माणसाच्या आयुष्याला आग लावून बसला होता.

नागेशला हे कळलं. तो शैलेंद्रसमोर हात जोडून उभा राहिला. "भाऊ, मला ठाऊक नव्हतं रे."

शैलेंद्रने त्याचे हात खाली केले. "मला तरी त्या कागदात काय होतं ते कुठे ठाऊक होतं?"

विभावरीबाईंनी त्याच संध्याकाळी दोन नवे नियम लिहिले. प्रत्येक पेटीत तापमापक, आणि वाटेत इंजिन बंद करायचं नाही. आणि गुणवंत साहेबांना बजावलं, की कुजबूज जिथे जिथे पसरली तिथे निकालही पोचला पाहिजे. साहेबांनीही मन मोठं केलं. शुक्रवारी अंतिम सामन्याआधी त्यांनी स्वतः माइक हातात घेतला आणि भरल्या मैदानात हिंदीत आणि इंग्रजीत सांगितलं, की शैलेंद्र निर्दोष आहे आणि चूक आमच्या गाडीची होती. गोदामातली माणसं आली होती. त्यांनी एवढा गलका केला की पंचांना खेळ सुरू करायला दहा मिनिटं थांबावं लागलं.

हे सगळं मला नागेशने येऊन सांगितलं. तो प्रयोगशाळेत पेढे वाटायला आला होता. शेवटच्या डावात एका धावेची आघाडी, समोरचा शेवटचा फलंदाज, आणि शैलेंद्रने तीन चेंडूंत त्याला बाद केलं. तीनही चेंडू त्याच्या बॅटला शिवले नाहीत. सर्वांत मोठ्याने ओरडले ते गुणवंत साहेब, असं नागेश शपथेवर सांगत होता.

आता माझं म्हणाल, तर मी प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, तुटक्या झाकणाची, रिकामी. अपिलाची मुदत परवा संपते. मग उघडलेली प्रत्येक बाटली फोडायची, असा नियम आहे.

काल शैलेंद्र पेढ्यांचा पुडा घेऊन विभावरीबाईंना भेटायला आला होता. जाताना म्हणाला, "मॅडम, ती बाटली मला द्याल का? घरी नेईन. विनिताला दाखवीन."

विभावरीबाईंनी मला कपाटातून काढून हातात घेतलं. त्यांनाही मोह झाला असणार, कारण आपल्या माणसांना चांगली बाटली टाकवत नाही. मग त्यांनी मान हलवली. "नाही शैलेंद्र. तुमच्यासाठी नियम वाकवला तर उद्या दुसऱ्या कुणासाठीही वाकेल."

तो हसला. "मग फोडा, मॅडम. फोडाच."

मला वाईट वाटलं असेल, असं समजू नका. वाचकहो, तुमच्यापुढे कुणी कागद सरकवला तर तो आधी वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या, आणि आपला हक्क दुसऱ्याच्या घाईसाठी सोडू नका. माझी एवढीच विनवणी आहे. परवा माझे तुकडे होतील. अमळनेरच्या त्या दारावरचा फोटो मात्र तिथेच राहील, आणि तो काढायला कुणी विनिताला सांगणार नाही. एका बाटलीने याहून जास्त काय मागावं?