बसण्याइतकी उरलेली भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. तुम्ही माझी गोष्ट वाचायला बसलात, छान. पण का बसलात? बाईंनी निबंध लिहायला सांगितलाय, होय ना? असो. माझा स्वभावच असा आहे, त्याला मी तरी काय करू!

माझा जन्मच मुळी संशयातून झाला. बेलापूरच्या खाडीकाठी दिवाळे गाव आहे. माझ्या एका अंगाला ते गाव. तिकडे होड्या, वाळत घातलेली मासळी आणि सकाळपासून बायकांचे खणखणीत आवाज. दुसऱ्या अंगाला उंच इमारतींची सोसायटी. तिकडे गाड्या, लिफ्ट आणि नोटीस बोर्ड. सोसायटी नवी असताना तिथल्या दोन सायकली चोरीला गेल्या. कुणी नेल्या ते कधीच कळलं नाही. पण सोसायटीवाले म्हणाले, "गावातलाच कुणीतरी असणार." गाववाले म्हणाले, "ही सोसायटी हलूहलू आमच्या अंगनात सरकनार." झालं! एरवी एकमेकांशी कशातच न पटणारी माणसं एका गोष्टीवर मात्र एकमताने तयार झाली, की मध्ये भिंत हवीच.

गवंडी मला बांधत होता तेव्हा दोन्हीकडून माणसं पहाऱ्याला उभी असायची. यांना वाटे भिंत आपल्याकडे सरकतेय, त्यांना वाटे आपल्याकडे. बिचाऱ्या गवंड्याने दोरी इतक्यांदा काढली आणि लावली की मी जरा वाकडीच झाले. वरून माझ्या डोक्यावर फुटक्या बाटल्यांच्या काचा खोचल्या. दोन्हीकडचे लोक माझ्याकडे मान वर करून बघत आणि म्हणत, "आता कसं निर्धास्त वाटतं!" मी फुगून गेले होते. खोटं कशाला बोलू?

गावाच्या बाजूला माझ्या सावलीत शेवंताबाई बसायच्या. समोर मासळीची पाटी. पाटीत मांदेली, कोलंबी, कधी जिवंत चिंबोऱ्या. पाठ माझ्यावर टेकवलेली. त्यांचे मालक लवकर गेले. याच जागेवर बसून त्यांनी घर चालवलं आणि लेकीला, सोनलला, नर्स केलं. गिऱ्हाइकांना ती जागा पाठ होती. ती गेली असती तर शेवंताबाईंचं पोट गेलं असतं. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच झालं.

दुसऱ्या बाजूला अगदी तिथेच अरविंदरावांची प्लास्टिकची खुर्ची असायची. ते बँकेतून निवृत्त झालेले, सोसायटीचे सेक्रेटरी. पेपर वाचायचे आणि खोकायचे. "काय त्या बाईचा आवाज!" ते पुटपुटायचे. इकडे शेवंताबाई म्हणायच्या, "कोन मेला खोकतोय सारका!" त्या दोघांच्या मध्ये फक्त मी होते. त्यांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं.

मग एके दिवशी क्रांती आली. ती तरुण आर्किटेक्ट होती. शहरात जिथे माणसं एकमेकांशी बोलत नाहीत तिथे बोलती होतील अशा जागा तयार करायचं काम पालिकेनं तिला दिलं होतं. तिने मला टकटक करून पाहिलं. मला तेव्हाच शंका आली. मग तिने टेप लावला आणि माणूस बसेल एवढ्या उंचीवर, माझ्या दोन्ही अंगांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबड्या रंगाची रेघ ओढली. आणि कुणाला काही न सांगता निघून गेली!

आता काय म्हणावं या पोरीला? हे शहर वसवायचं ठरलं तेव्हा इथल्या शेतांत आणि मिठागरांत माणसं अशीच टेप घेऊन आली होती. खुणा करून गेली, आणि मागोमाग जमिनी गेल्या. गावातलं शेंबडं पोरसुद्धा तांबड्या रेघेचा अर्थ जाणतं.

सकाळी शेवंताबाई पाटी टेकवायला वाकल्या आणि रेघ पाहून मटकन खालीच बसल्या. "माजी जागा जानार," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी एकदाही ओरडून मासळी विकली नाही. दुसऱ्या दिवशी त्या हळद-कुंकू आणि नारळ घेऊन आल्या. माझ्या अंगावर हळद-कुंकवाची जाड बोटं ओढली, नारळ फोडला, उदबत्ती लावली. देवाच्या जागेला कुणी हात लावणार नाही, असा त्यांचा हिशेब. मी मनात म्हटलं, इतकी वर्षं कधी फूल वाहिलं नाही ते आजच का सुचलं?

अरविंदरावांच्या पत्नी स्मिताताई गेटाने वळसा घालून मासळी घ्यायला जात. त्यांनी कुंकू पाहिलं आणि घरी जाऊन सांगितलं. अरविंदराव ताडकन उठले. "बघितलंस? आपल्या बाजूला आधी रेघ मारून हद्द दाखवली, आता तिकडे कुंकू! उद्या घुमटी बांधतील, परवा मंदिर. आपलं पार्किंग गेलंच समज." त्यांनी कमिटी बोलावली. माझ्यावर लोखंडी ग्रिल चढवायचं ठरलं. ते ऐकून मी खूश झाले. भिंतीला आणखी काय हवं?

क्रांतीच्या कानावर हे गेलं तेव्हा ती धावत आली आणि म्हणाली, सगळ्यांनी एकत्र बसून बोलू या. पण बसायचं कुठे? गाववाले सोसायटीच्या हॉलमध्ये जाईनात. सोसायटीवाले गावच्या देवळात येईनात. शेवटी रविवारी सकाळी सभा भरली ती माझ्या दोन्ही बाजूंना. हे इकडे, ते तिकडे, कुणाला कुणी दिसत नाही, आणि सगळे काचांच्या वरून ओरडतायत. असली सभा तुम्ही जन्मात पाहिली नसेल.

"ते कुंकू कुणी लावलं?" अरविंदराव ओरडले.

"मी लावलं! माजी जागा हाय. तुमी तांबडी रेग मारलीत ती?"

"आम्ही? अहो, रेघ तुम्ही मारलीत!"

"आमी कशाला मारू? आमाला काय येड लागलंय?"

मग क्रांतीचा बारीक आवाज आला. "रेघ मी मारली. सांगायला हवं होतं. चुकले मी." दोन्हीकडचे लोक तिच्यावर तुटून पडले. त्या गडबडीत अरविंदरावांना खोकल्याची उबळ आली.

"अगो बाय!" शेवंताबाई एकदम म्हणाल्या. "ते खोकनारे सायब तुमीच काय? मधी कितीतरी दिवस आवाज नव्हता तुमचा. मी वाचमनला इचारलं, म्हातारा हाय का गेला?"

इकडची माणसं हसली, तिकडचीही हसली. अरविंदराव मात्र हसले नाहीत. "माझं ऑपरेशन झालं होतं, मावशी," ते हळूच म्हणाले. एवढी मोठी सोसायटी, पण त्यांची चौकशी फार थोड्यांनी केली होती.

मग क्रांतीने सगळं समजावून सांगितलं. रेघेच्या वरची भिंत काढायची आणि खाली उरेल त्यावर ऐसपैस कट्टा करायचा. पाय इकडे सोडा नाहीतर तिकडे. शेवंताबाईंनी एकच विचारलं, "मंग मी बसू कुठं?" क्रांती म्हणाली, तुमच्या पाठीपुरती भिंत तशीच ठेवू. "लिहून द्या," दोन्हीकडून एकदम ओरडा झाला. बघा, संशय काही सुटत नव्हता. मला ते फार आवडलं.

मला कापलं तेव्हा मात्र मी घाबरले. काचा गेल्या, निम्मं अंग गेलं. वाटलं, यात नक्की कुणाचातरी डाव आहे. मग कौतुक सुरू झालं. पेपरात फोटो आला, लांबून लांबून लोक पाहायला आले, माझ्यावर बसून हसत हसत सेल्फी काढून गेले. पुढे कुणी फिरकेना. माझ्या फरश्या निखळल्या, त्या बसवायला कुणी आलं नाही. आणि गंमत म्हणजे माणसं बसायची तीही एकमेकांकडे पाठ करून! गाववाल्यांचे पाय गावाकडे, सोसायटीवाल्यांचे सोसायटीकडे. मी म्हटलं, बघा, मी सांगत नव्हते?

फक्त अरविंदराव शेवंताबाईंच्या शेजारी, तोंड त्यांच्याकडे करून बसायचे. कोलंबी कशी निवडावी ते शिकायचे.

आणि मग एका सकाळी त्यांचा फोन गेला. कट्ट्यावर ठेवून ते सोसायटीच्या पंपाकडे गेले होते. परत आले तर फोन नाही. तिथे शेवंताबाई एकट्याच बसलेल्या. मी काही पाहिलं का, असं विचारू नका. तेव्हा कुणीतरी माझ्यावर भली मोठी गोधडी वाळत घातली होती.

कमिटीतली माणसं जमली. "आम्ही म्हणत नव्हतो? भिंत परत चढवा. आणि त्या बाईला आधी उठवा तिथून." एव्हाना गोधडी निघाली होती, अरविंदरावांचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. त्यांच्याही मनात तेच आलं होतं, अगदी तेच. ते आता उठून सोसायटीत जातील आणि परत कधी इकडे येणार नाहीत, असं मी धरूनच चालले होते. ते गेले असते तर भिंत चढली असती आणि शेवंताबाईंची जागाही गेली असती.

ते शेवंताबाईंसमोर जाऊन बसले.

"मावशी, माझा फोन तुम्ही घेतलात का?"

माझ्या विटा गार पडल्या. शेवंताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, रागही आला.

"नाय घेतला," त्या म्हणाल्या. मग पदराने तोंड पुसलं. "लय लागलं मना. पन तोंडावर इचारलंत ते बरं केलंत. मनात ठेवून उठून गेला असतात, तर उद्यापासून मी हितं बसले नसते."

"बसाल ना मग?"

"बसनार नाय तर काय? माजी जागा हाय."

अरविंदराव कमिटीकडे वळले. "यांनी घेतलेला नाही," ते म्हणाले, आणि तिथेच बसून राहिले. फोन आजतागायत सापडलेला नाही.

मित्रांनो, संशय घेऊ नका असं मी कोणत्या तोंडाने सांगू? तो येतोच. पण आला की समोर बसून विचारा. लाज वाटेल, समोरच्याला लागेल, तरी विचारा. आणि त्यासाठी तुमच्या गावात, तुमच्या सोसायटीत माझ्यासारखी एखादी जागा असेल तर तिची निगा राखा. निखळलेली फरशी बसवा, कचरा टाकू नका. आणि मुख्य म्हणजे तिथे येऊन बसत जा. माझ्यावर पुन्हा विटा चढवायचा विषय अजून दर सभेत निघतो. तो निघेल त्या दिवशी माझ्यावर कुणीतरी बसलेलं असावं, एवढंच मागणं आहे. बसलेल्या माणसाच्या अंगावर कुणी विटा रचत नाही.