फळीपलीकडची चूल

आमच्या गल्लीतल्या चावीवाल्या आजोबांचं नुसतं नाव काढलं तरी कुलपं आपोआप उघडायची. खोटं वाटत असेल तर माझ्या पेटीला विचारा. पण डोळे अधू झाले, हात थरथरायला लागले, दुकान बसलं आणि आजोबा मुलाच्या ताटाखालचं मांजर झाले.

मग सरकारनं गरीब म्हाताऱ्यांसाठी पेन्शन काढली. अट एकच: कमावत्या मुलाच्या घरात जेवणाऱ्याला ती नाही.

"त्यात काय!" मुलगा म्हणाला. खोलीच्या मधोमध प्लायवूडची फळी ठोकली, तिला दार बसवलं. पलीकडे स्टोव्ह, एक पातेलं आणि आजोबा. "तपासनीस येऊन जाईपर्यंतच हं, बाबा. आणि आपलं पटत नाही असं दिसू दे."

तपासनीस आला. शेजारी म्हणून साक्षीला मी. सूनबाईंनी तोंड सोडलं तशी छपरावरची कबुतरं दुसऱ्या गल्लीत राहायला गेली.

"रात्रभर खोकतात! डोळ्याला डोळा नाही माझ्या! पोरीच्या वह्यांचे पैसे मोडून यांची औषधं आणते मी!"

मग मुलगा. "जन्मभर तुम्हालाच पोसायचं का?" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. हे काही ठरलेलं नव्हतं.

तपासनीसानं भराभर सही केली. "फारच हाल हो म्हाताऱ्याचे," जिन्यात मला म्हणाला. "पेन्शन पक्की."

संध्याकाळी सूनबाईंनी दार वाजवलं. "बाबा, जेवायला या. गेला तो मेला तपासनीस."

"माझी चूल आहे."

"अहो, नाटक होतं ते!"

"छान केलंस, पोरी. एकदाही अडखळली नाहीस."

मुलानं दार ढकललं. आतून कुलूप, आजोबांच्या हातचं. दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या चावीवाल्याला आणलं. त्यानं घटकाभर झटापट केली आणि हत्यारं पिशवीत टाकली. "हे उघडणारा माणूस एकच, आणि तो आत बसलाय."

फळी तोडायची म्हणून मुलानं हातोडा उचलला, तसाच खाली ठेवला. तोडली तर पेन्शनही जाणार.

आता महिन्याच्या महिन्याला दाराच्या फटीतून थोडे पैसे अलीकडे सरकतात. "वह्यांना," पलीकडून आवाज येतो. सूनबाई उचलतात. आणि म्हातारा रात्री खोकत नाही. खोकला आला की उशीत तोंड खुपसतो. माझी भिंत त्याच बाजूला आहे, म्हणून मला कळतं.