दुसऱ्या नरसिंहांची गोळी

प्लास्टिकच्या वाटीच्या तळाला हिरवट डाग होता — मोहरीएवढा, ओल्या बोटानं जाईल असा — आणि वृद्धाश्रमात गोळ्या देणारी जयश्री तो पुसता पुसता थांबली, कारण नरसिंहरावांच्या सकाळच्या तिन्ही गोळ्या पांढऱ्या. हिरवी गोळी सात नंबरच्या खोलीतल्या नरसिंहन यांची, रक्तातली साखर उतरवणारी. ते तर मुलाबरोबर तिरुवलंचुळीला दर्शनाला गेलेले, म्हणजे त्यांची वाटी ट्रेमध्येच उरायला हवी... तिनं ट्रेमध्ये पाहिलं. उरलेल्या वाटीत नरसिंहरावांच्या तीन पांढऱ्या गोळ्या तशाच होत्या.

ती चार नंबरकडे धावली. नरसिंहराव घामानं निथळत होते, पुढ्यातली इडली तशीच. बोट टोचून पाहिलं तर साखर बावन्न. तिनं त्यांना साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. पाव तासानं त्यांची नजर ठिकाणावर आली, तेव्हा वृद्धाश्रम सांभाळणाऱ्या शिवकामी अम्मा दारातूनच तमिळमध्ये हळू म्हणाल्या, की झालं ना ठीक, आता वहीत लिही, नीट खाल्लं नव्हतं म्हणून घेरी आली. डॉक्टरांना कशाला त्रास.

नीट खाल्लं नव्हतं... हेच वाक्य. सोळा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा दवाखान्यात तिच्या खाटेपाशी एका नर्सनं भिंतीकडे बघत हेच सांगितलं होतं, आणि अप्पा मरेपर्यंत विचारत राहिले — त्या दिवशी मी तिला दोन घास जास्त भरवले असते तर? — जेवताना, तिरुविसनल्लूरच्या बसमध्ये, मध्येच, कुणालाही. त्या नर्सचा चेहरा जयश्रीला आठवत नाही. भिंतीकडे वळलेली मान तेवढी आठवते.

आणि ती गोळी अजून पोटात आहे, दिवसभर तिचं काम चालू राहणार. दुपारी साखर पुन्हा उतरली आणि वहीत खाल्लं नाही एवढंच असलं, तर म्हाताऱ्याचा डोळा लागलाय असं समजून कुणीतरी दार ओढून घेईल.

तिनं अम्मांच्या समोरच डॉक्टरांना फोन लावला. चुकीची गोळी गेली, मी दिली, असं सरळ सांगितलं. ते म्हणाले, गाडी पाठवतो, दवाखान्यात ठेवू. तोवर दर पंधरा मिनिटांनी साखर बघा. अम्मांनी एवढंच ऐकवलं, की तुझ्या नोकरीचं आता ट्रस्टी ठरवतील. मग जयश्रीनं वहीत गोळीचं नाव, वेळ आणि खाली आपलं नाव लिहिलं.

गाडी यायची होती. ती नरसिंहरावांच्या उशाशी बसली.

"मला काय झालें गे?" त्यांनी घरच्या मराठीत विचारलं.

"मामा, दुसऱ्याची गोळी तुम्हाला दिली. नाव न विचारता. चूक माझी."

त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. रागावले असावेत, किंवा नुसतेच थकले असावेत.

"संध्याकाळीं गोळ्या कोण देणार? तूच?"

हा विश्वास की धास्ती, तिला कळेना. संध्याकाळी ते दवाखान्यात असणार होते. उद्या आपण इथे असू की नाही हे तिला ठाऊक नव्हतं. पण तिची नजर भिंतीकडे वळली नाही. पुढची तपासणी करायची वेळ झाली होती. तिनं त्यांचं बोट हातात घेतलं. टोचण्याआधी त्यांच्याकडे बघत त्यांचं पूर्ण नाव विचारलं.