गुड फ्रायडेचा भोंगा

सिप्रियनमास्तरांनी लाकडी खटका दोनदा वाजवला आणि सगळी मिरवणूक वाळूत गुडघ्यांवर आली. क्रुसाच्या वाटेचं हे बारावं स्थान, समुद्रकाठच्या सुरूच्या बनातलं. येशू क्रुसावर प्राण सोडतो ते. फादरांनी पुस्तक मिटलं. आता दोन मिनिटं कोणी चकार शब्द काढायचा नव्हता. गुरुवारपासून देवळाची घंटा मुकी होती, तिच्या जागी हा खटका वाजायचा; मास्तरांच्या बँडची पितळी वाद्यं कपाटात कुलूपबंद होती. वर्षातून या एकाच दिवशी गाव इतकं गप्प व्हायचं की दूर ओहोटीच्या लाटा फुटलेल्या ऐकू याव्यात.

त्या शांततेत जहाजाचा भोंगा वाजला.

जहाज सकाळपासूनच समोर उभं होतं. पांढरंशुभ्र, मजल्यावर मजले चढवलेलं. परदेशी पाहुण्यांना लांबून वसईचा किल्ला दाखवायला आलेलं. भोंगा वाजला तेव्हा मास्तरांना वाटलं, निघायचा इशारा असेल. पण पहिल्या सुरामागून दुसरा आला, दुसऱ्यामागून तिसरा, आणि बघता बघता त्या अजस्र भोंग्यांतून चक्क धून वाजायला लागली. तरुण पोरांच्या माना एकदम वर झाल्या. साहेबांच्या देशातली ती रॉकची धून त्यांना पाठ होती. गिटार हातात धरणारा प्रत्येक पोरगा पहिल्यांदा तिच्यावरच हात बसवतो. पाठीमागे कोणीतरी फिसकन हसलं. भोंग्यानं धून एकदा वाजवली, मग पुन्हा वाजवली, आणि जहाज मुंबईच्या दिशेनं वळलं.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेराव्या आणि चौदाव्या स्थानाला त्यांनी खटका इतक्या जोरात वाजवला की त्याची एक पट्टी निखळली.

संध्याकाळी देवळाच्या सभागृहात पॅरिश कौन्सिल जमलं. बसायला जागा नव्हती, कारण कौन्सिलात नसलेलेही आले होते. प्रत्येकाला काहीतरी बोलायचं होतं आणि प्रत्येकाचा आवाज चढलेला होता. शेवटी पॉल उठला. मासेमारी करणारा माणूस, सकाळी होडी घेऊन जहाजाच्या अगदी जवळून गेलेला.

"भोंगं येक नाय, चार हायेत," तो म्हणाला. "येकेकाचा सूर निराळा. त्यांचा बँडवाला वाजवतो, कप्तानाच्या हुकमानं. पाव्हन्यांना गंमत म्हनून. वर नाचगानं चाललं होतं, मास्तर. आजच्या दिवशी."

"कंपनीला पत्र लिहायचं," फ्रेडरिक म्हणाला. तो कौन्सिलचा चिटणीस. मुंबईत गोदीजवळच्या एका कचेरीत हेडक्लार्क होता आणि लहानपणी मास्तरांच्याच बँडमध्ये ट्रंबोन वाजवायला शिकला होता. "इंग्रजीत, सणसणीत. मंगळवारी मी स्वतः नेऊन देतो. पण मास्तर, नुसतं 'गाणं वाजवलं' म्हणून भागायचं नाही. ते म्हणतील, साधा इशारा होता. काय वाजवलं त्याचा पुरावा पाहिजे."

"नोटेशन लिहून देतो," मास्तर म्हणाले. "सुरान् सूर."

"कप्तान गोरा आहे, त्याच्या केसाला धक्का लागणार नाही," फ्रेडरिक म्हणाला. "पण वाजवणाऱ्याला पुढच्या बंदरात उतरवतील. आणि एकदा असा उतरवला की त्या माणसाला दुसरं जहाज मिळत नाही."

"उतरवू देत," मास्तर म्हणाले. "ज्याला मरणाची चाड नाही, त्याच्या हातात वाद्य हवं कशाला?"

सभागृहातून होकाराची एक लाट गेली. चाळीस वर्षं या गावाच्या लग्नांत आणि मयतांत मास्तरांचा बँड वाजत आला होता. त्यांच्या तोंडून असं वाक्य आलं की ते ठरलंच.

शनिवारी दुपारी मास्तर पडवीतल्या मेजावर बसले. पत्र एका दमात लिहून झालं. आपण इतकं चांगलं इंग्रजी रागावल्याशिवाय लिहू शकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी पाच रेघांचा कागद ओढला, डोळे मिटले आणि कालचा भोंगा मनात पुन्हा वाजवला. कानाला ते पक्के होते. सूर एकामागून एक कागदावर उतरत गेले. चौथ्या सुरानंतर भोंगा किंचित थांबला होता, म्हणून त्यांनी सवयीनं त्या जागी वर एक छोटा स्वल्पविराम काढला. श्वास घ्यायची खूण. पुढचे सूर लिहिले, दुसऱ्या खेपेची धून लिहिली. तिथंही चौथ्या सुरानंतर तसाच स्वल्पविराम पडला.

आणि मग त्यांचं पेन थांबलं.

भोंग्याला श्वास कशाला लागतो? भोंग्याला फुंकणारा माणूस नसतो. खटका दाबला की टाकीतली हवा सुटते. दाबून धरलात तर अर्धा तास वाजेल. तिथं थांबायचं काही कारणच नव्हतं. त्या धुनेतही तिथं विश्रांती नव्हती. चौथ्या सुरानंतर, अगदी चुकीच्या जागी, वाजवणाऱ्याचा हात उचलला गेला होता, दोन्ही वेळा.

मास्तरांच्या बँडमध्ये सगळी पोरं ओळ संपल्यावर श्वास घ्यायची. तसा दंडकच होता. एका पोराला मात्र त्यांनी सवलत दिली होती. त्याला दमा होता, चालता चालता कॉर्नेट फुंकताना त्याला ओळ पुरी व्हायची नाही. म्हणून त्याच्या वहीत मास्तरांनी प्रत्येक गाण्यात चौथ्या सुरावर लाल पेन्सिलीनं स्वल्पविराम काढून दिले होते. 'इथं घे, कोणाला कळणार नाही,' असं सांगून. पुढं दमा गेला, सवय राहिली. चौऱ्याहत्तर साली गावच्या सणाच्या मिरवणुकीत त्याच पोरानं भक्तिगीताच्या मधोमध ही रॉकची धून घुसवली, तेव्हा मास्तरांनी भर रस्त्यात, सगळ्या गावादेखत, त्याच्या हातातलं कॉर्नेट हिसकावून घेतलं. आठ दिवसांत तो घर सोडून गेला. दहा वर्षं झाली होती त्याला.

मास्तर उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. मार्था उद्याच्या ईस्टरसाठी सांदणांचं पीठ घोटत होती.

"व्हिन्सेंट कुठं असतो?" त्यांनी विचारलं.

मुलाचं नाव त्यांच्या तोंडून दहा वर्षांत निघालं नव्हतं. मार्थाचा हात थांबला नाही.

"जहाजावर. उमेळ्याला माझ्या बहिणीच्या, ॲनीच्या पत्त्यावर पत्रं येतात त्याची. जहाज कुठलं ते लिहिलं नव्हतं. काल कळलं."

"काल कळलं आणि तू गप्प बसलीस?"

"बारावं स्थान होतं. बोलायचं नव्हतं."

"मग रात्री? सकाळी?" मास्तरांचा आवाज फाटला. "हा पोरगा याच देवळात वाढला. काल कोणता दिवस होता ते त्याला ठाऊक नव्हतं? त्या घटकेला सगळं गाव किनाऱ्यावर गुडघ्यांवर असतं, हे ठाऊक नव्हतं? मुद्दाम केलंन त्यानं. माझं नाक कापायला दिवस निवडला."

मार्थानं पळी पातेल्याच्या काठावर ठेवली.

"दिवस निवडला हे खरं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुठल्या दिवशी वाजवलं असतं तर तुम्हाला ऐकू गेलं असतं? एरवी तुमचाच बँड वाजत असतो."

मास्तर पडवीत येऊन बसले. त्या रात्री देवळाची घंटा पुन्हा वाजायला लागली, ईस्टरला बँडही वाजला आणि मास्तर बँडपुढं हात हलवत चालले. पण मेजावरचं पत्र त्यांनी उचलून ठेवलं नाही, फाडलंही नाही.

सोमवारी सकाळी फ्रेडरिक आला.

"झालं का पत्र, मास्तर? उद्या पहिल्या गाडीनं नेतो."

"बस. एक गोष्ट राहिली आहे."

त्यांनी खुर्ची पुढं ओढली, पेन उघडलं आणि पत्राच्या शेवटी मोठ्या अक्षरांत, सावकाश दोन ओळी लिहिल्या. वाजवणाऱ्याचं नाव व्हिन्सेंट सिप्रियन तुस्कानो. त्याला वाजवायला मी शिकवलं आहे, मी त्याचा बाप. खाली सही केली, शाई वाळेपर्यंत थांबले, आणि पत्र व नोटेशन दोन्ही फ्रेडरिकच्या हातात दिलं.

"आता ने."

फ्रेडरिकनं शेवटच्या ओळी वाचल्या. मग नोटेशनचा कागद वर घेतला. त्याचं बोट सुरांवरून सरकत गेलं आणि चौथ्या सुरावरच्या खुणेपाशी थांबलं. लहानपणी मिरवणुकीत तो व्हिन्सेंटच्या उजव्या बाजूला चालायचा. वाजवणारा व्हिन्सेंटच कशावरून, असं त्यानं मास्तरांना विचारलं नाही.

"हे असं हातानं लिहिलेलं चालायचं नाही, मास्तर," तो म्हणाला. "कंपनीला टाईप करून द्यावं लागतं."

"मग टाईप कर."

"आमच्या कचेरीतला टाईपरायटर बिघडलाय."

"दुरुस्त करून घे."

"त्याचे भाग विलायतेहून येतात. वर्षभर तरी काही व्हायचं नाही."

मास्तर ताडकन उठले.

"लाज वाटत नाही तुला?" ते म्हणाले. "गावाच्या श्रद्धेचा असा अपमान होतो आणि तुम्हाला एक टाईपरायटर जमत नाही? कौन्सिल म्हणवता स्वतःला. शुक्रवारी केवढ्या गर्जना चालल्या होत्या. माणूस कोणाचाही असो, चूक ती चूक. मी लिहून दिलंय ना? माझ्या सहीनिशी लिहून दिलंय. तुम्हाला पोचवता येत नाही?"

फ्रेडरिक शाळेत उभा राहायचा तसा मान खाली घालून सगळं ऐकत राहिला. मास्तर दम घ्यायला थांबले तेव्हा त्यानं दोन्ही कागदांची नीट घडी घातली, मेजावर ठेवली, आणि "येतो, मास्तर," म्हणून पायऱ्या उतरला.

त्यानं फाटकाची कडी लावली तरी मास्तर बोलतच होते. हल्लीच्या पोरांना कशाचीच चाड नाही, कसली जबाबदारी म्हणून नाही. मग ते खाली बसले आणि पेनाला टोपण घालायला लागले. टोपण दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा निसटलं तेव्हा मार्था बाहेर आली आणि तिनं त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं.