मशीनला न दिसलेला माणूस

साहेब, माझ्या भावाला तुम्ही मारलंत. आडून बोलायला मला येत नाही.

तो फरशी बसवायचा. नऊ वर्षं नशेची सुई टोचून घेत होता, हेही सांगते, लपवून आता काय करू? आईच्या कानातलंसुद्धा त्याने सोडलं नाही. पोलिसांनी तीनदा आत टाकला. तिन्ही वेळा सुटला आणि घरी यायच्या आधी जुन्या नाक्यावर गेला.

मग तुमचं व्यसनमुक्ती केंद्र निघालं. तिथे त्याला पहिल्यांदा कोणीतरी पेशंट म्हटलं. त्या दिवशी मी घरी येऊन रडले. रोज सकाळी तलफ मारणारी एक गोळी, चुरा करून, जिभेखाली, सिस्टरच्या समोर. विरघळेपर्यंत दहा मिनिटं बोलायचं नाही. माझा भाऊ म्हणजे तोंडाचा पट्टा. दिवसात तेवढाच गप्प बसायचा, तेही मला डोळ्यांनी वेडावत. असे चौदा महिने गेले. अंगावर मांस चढलं, कामं मिळायला लागली. माझ्या मोरीची फरशी त्याने एका रविवारी उखडून नवी बसवली.

मग तुम्ही मशीन आणलंत. एकाच्या नावावर दुसऱ्याने गोळी नेऊ नये म्हणून. अंगठा ठेवायचा, हिरवा दिवा लागला तर गोळी. सिमेंट आणि ॲसिडने त्याच्या अंगठ्यावरच्या रेषा कधीच खाल्ल्या होत्या. तीनदा ठेवला, तीनदा लाल.

"ताई, माझा धंदा चुकला बघ," तो म्हणाला. "चोर व्हायला हवं होतं मी." रांग हसली. मीही हसले.

सिस्टर हसली नाही. चौदा महिने तिने स्वतःच्या हाताने गोळी दिली होती. ती म्हणाली, "मला दिसतो हो तुमचा भाऊ. मशीनला दिसत नाही." तिने वर फोन लावला. वरून सांगितलं, अर्ज करा, बघू. शेवटी ती हळूच म्हणाली की हाताला आठ दिवस आराम दिला तर रेषा परत उमटतात.

इथे मी चुकले. मी त्याचं काम बंद केलं. थापी माझ्या शिलाई मशीनखाली लपवली, अंगठ्यांना व्हॅसलीन चोपडून वर चिंध्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी लाल. तिसऱ्या दिवशी लाल. तोवर गोळीविना त्याचं नाक गळायला लागलं होतं, हाडं ठणकत होती. केंद्राच्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"निदान कामाला तरी जाऊ दे गं," तो म्हणाला. "हात रिकामे राहिले की डोकं तिकडे जातं."

मी रागावले. म्हटलं, चार-पाच दिवस कळ काढ, लहान आहेस का?

चौथ्या दिवशी मी गणवेश पोचवायला गेले होते. भरदुपारी तो बस डेपोच्या मागे सापडला. डॉक्टर म्हणाले, जुन्या सवयीने जुन्याइतकंच घेतलं, शरीराला आता ते झेपणारं नव्हतं. बरोबर सुई घेणारा पळून गेला होता. त्याला मी शिव्या देत नाही. मदतीला हाक मारली की आधी बेड्या पडणार असतील, तर कोण थांबेल?

माझ्या सासऱ्यांना साखर आहे. त्यांचं इन्सुलिन मी आणते. त्यांचा अंगठा आजवर कोणी मागितला नाही. लपून चार पेढे खाल्ले म्हणून त्यांना कोणी दारातून हाकललंही नाही.

परवा तुमचं पत्र आलं. 'रुग्ण सलग तीन दिवस गैरहजर, सबब नाव कमी करण्यात येत आहे.' खाली तुमची सही.

मग त्या तिन्ही दिवशी तुमच्या पायरीवर बसलेला माणूस कोण होता? मला लेखी कळवा.