राहिलेलं टिंब

मी एक जुना काळा दगड आहे. मित्रांनो, हसू नका. तुमच्यात एखाद्याला काही समजलं नाही की त्याला तुम्ही 'दगड' म्हणता, हे मला ठाऊक आहे. पण मला बरंच समजतं. समजून काही बोलता येत नाही, एवढीच माझी अडचण. आज जे सांगणार आहे ते सांगताना मान खाली घालावीशी वाटते. पण दगडाला मान कुठली?

मला सुरुंग लावून डोंगरातून काढलं. माझी भावंडं कुठं कुठं गेली, देव जाणे. माझा एक कोपरा उडालेला, म्हणून मला कोणी घेईना. शेवटी पाट्या आणि स्मृतिशिला कोरणाऱ्या एका कारखान्याच्या दारात मला पायरी म्हणून टाकलं. कारखाना कसला, पत्र्याची एक लांबट खोली. आत हवेचं यंत्र धडधडायचं आणि नळीतून वाळूचा फवारा सुटायचा. त्या वाळूनं दगडावर अक्षरं उमटायची.

दोघं जिवलग मित्र तो चालवायचे. एकजण अक्षरं काढायचा. दिवसभर तोंडातून चकार शब्द नाही, म्हणून सगळे त्याला घुम्या म्हणायचे. दुसरा गिऱ्हाईक सांभाळायचा, मोठमोठ्यानं गाणी म्हणायचा, घुम्याच्या डब्यात वाळू भरून ठेवायचा आणि वर त्यालाच विचारायचा, "काय रे, आज भाजी कोरडी का?" हा दंगेखोर. त्याच्या बायकोपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे त्याला याच नावानं ओळखायचे. दुपारी दोघं माझ्यावर बसून चहा प्यायचे. मी उन्हानं तापलेला असलो की दंगेखोर आधी माझ्यावर तांब्याभर पाणी ओतायचा आणि मगच "बस रे" म्हणायचा. पायरी असल्याचा मला कधी कमीपणा वाटला नाही.

मग दंगेखोरानं समोरच्या मोठ्या कारखान्यात नोकरी धरली. घरच्यांसाठी धरली, पण घुम्याला सांगायचा त्याला धीर झाला नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिला आणि घुम्याला ती बातमी एका गिऱ्हाइकाकडून कळली. दंगेखोर दारात आला तेव्हा घुम्या माझ्यावर उभा राहून ओरडला, "दगेखोर!"

आख्खी गल्ली ऐकत होती. दंगेखोराचा चेहरा पडला. पण स्वभाव जातोय कुठं? लगेच हसून म्हणाला, "अरे, टिंब राहिलं तुझं. दंगेखोर म्हणतात मला."

घुम्या हसला नाही. त्यानं दार लावून घेतलं.

त्यानंतर दोघांचा अबोला. संध्याकाळी घरी जाताना दंगेखोर समोर थोडा वेळ रेंगाळायचा. एकदा तर तो माझ्यावर चढला, दारावर थाप मारायला हात उचलला. घुम्यानं खिडकीतून त्याला पाहिलं आणि काम नसताना यंत्र चालू केलं. त्या धडधडाटात थाप कोणाला ऐकू येणार? दंगेखोर माघारी गेला. त्याचा पाय माझ्यावरून उतरताना मला कळला. जड झाला होता.

आणि एका सकाळी लोक माझ्यावर उभे राहून एकमेकांना सांगत होते, दंगेखोर गेला. कामावरच कोसळला. घुम्या आत होता. तो बाहेर आला नाही.

काही दिवसांनी त्यानं दंगेखोराच्या घरी निरोप पाठवला, "त्याच्या नावाचा दगड मी करतो." मग त्यानं पहार घेऊन मलाच उखडलं. आत चांगले गुळगुळीत दगड पडले होते, पण त्याला मीच हवा होतो. घासून घासून त्यानं मला आरशासारखं केलं. माझ्यात पहिलं तोंड दिसलं ते घुम्याचं, आणि ते बघवत नव्हतं.

त्यानं माझ्यावर रबराचा पातळ थर चिकटवला, त्यावर अक्षरं लिहून पात्यानं कापली. मग कापलेले तुकडे सुईच्या टोकानं एकेक उचलून काढले. जिथलं रबर निघतं तिथं वाळू कोरते, जिथं रबर राहतं तिथं दगड कोराच राहतो. तो सारखा चष्मा पुसत होता. सुई सगळीकडे टेकली, 'द'च्या डोक्यावर तेवढी टेकली नाही. मला कळलं होतं, मित्रांनो. पण ओरडणार कशानं?

वाळूचा मारा झाला. रबर निघालं. मला धुतलं. पण घुम्यानं एकदाही वाचून पाहिलं नाही. माझ्यावर चादर टाकली आणि पाठ फिरवली.

दगड न्यायला दंगेखोराची बायको आणि थोरला भाऊ आले. दादांनी चादर ओढली आणि मोठ्यानं वाचलं, "आमचा दगेखोर इथं शांत बसलाय."

'इथं'वर टिंब होतं. 'शांत'वर टिंब होतं. नेमकं त्याच्या नावावर नव्हतं.

"वा रे वा!" दादांचा आवाज चिरकला. "गल्लीत बोललास तेवढ्यानं पोट भरलं नाही होय? दगडावर कोरून ठेवलंस?"

काळ्या दगडावरची रेघ, असं तुम्ही म्हणता ना? ती रेघ माझ्या तोंडावर होती. पालथं पडून मातीत तोंड खुपसावं असं मला झालं. ज्यानं मला तांब्यातांब्यानं पाणी घातलं, त्याला मी शिवी देत उभा होतो.

"भाऊजी," वहिनींनी विचारलं, "मुद्दाम केलंत?"

घुम्या पांढराफटक पडला होता. "माहीत नाही, वहिनी. नाही म्हणायला तोंड उघडत नाही माझं. हात माझाच होता. लाज वाटते मला."

"चला," दादा म्हणाले, "नकोय हा दगड आपल्याला."

वहिनी हलल्या नाहीत. त्यांनी माझ्यावर हात ठेवला. 'द'च्या डोक्यावरच्या कोऱ्या जागेवर त्यांचं बोट फिरत होतं. "हे रोज घरी येऊन म्हणायचे, 'घुम्या टिंब विसरलाय. आठवलं की घेऊन येईल बघ.' मी चिडायचे. म्हणायचे, तुम्हीच जा की! तर म्हणाले, 'गेलो होतो गं. यंत्र चालू होतं.'"

घुम्या खाली बसला आणि ढसाढसा रडला. दादांनी तोंड फिरवलं. वहिनींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "उठा भाऊजी. टिंब आणा."

त्यानं रबराच्या तुकड्याला भोक पाडून तो 'द'वर चिकटवला आणि यंत्र चालू केलं. वाळू एकाच जागी लागत राहिली, लागत राहिली. थांबायचं त्याला सुचेना. शेवटी वहिनींनीच बटण बंद केलं.

आता मी एका झाडाखाली उभा आहे. येणारेजाणारे माझं कौतुक करतात, अक्षर काय सुरेख आहे म्हणतात. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. एखादा म्हणतो, "ते एक टिंब जरा जास्तच खोल गेलंय."

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मी टिकेन. पण तुमचा कोणाशी अबोला असेल, तर आतलं यंत्र आजच बंद करा. दारावर थाप पडतेय का, ते ऐका. राहिलेलं टिंब दगडावर मागाहूनही लावता येतं, माणसाला नाही.

घुम्या रोज संध्याकाळी येतो. त्या टिंबात बोट ठेवतो आणि हळूच हाक मारतो, "दंगेखोर!" अगदी स्पष्ट, टिंबासकट. आणि ऐकायला कोण, तर मी. एक दगड.