तांडेलाला बोट लागली

रामचंद्र केळुसकराला बोट लागली ती त्याच्या स्वतःच्या घरात, खुर्चीवर बसलेला असताना, २००९ सालच्या दिवाळीनंतरच्या एका निवांत सकाळी. बाहेर दर्या तळ्यासारखा गप्प पडला होता.

रामचंद्र तांडेल होता. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. जाळं कधी टाकायचं आणि कधी मागे फिरायचं ते त्याच्या शब्दावर ठरतं. मालवणच्या किनाऱ्यावरून त्यानं उभा जन्म होडी हाकली होती. नवा गडी काठावरून ओकायला लागला की सगळ्यांच्या आधी हसणारा तोच.

मग कमरेचा मणका सरकला आणि डॉक्टरांनी दर्या बंद केला. होडी पुतण्याकडे गेली, रामचंद्र घरात बसला. घरात बसलेला तांडेल म्हणजे काय प्रकरण असतं ते त्याच्या बायकोला, सावित्रीला विचारावं. माशांच्या तिखल्यात मीठ किती घालायचं, कपडे कुठल्या दोरीवर वाळत टाकायचे, दारातल्या रिक्षावाल्यानं रिक्षा कशी वळवायची, सगळ्याबद्दल हुकूम सुटायचे. शेवटी सून वर्षालीनं उपाय काढला. ती बाजारातल्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. तिनं घरच्या कॉम्प्युटरवर बोट चालवायचा एक गेम घालून दिला. त्यात मासेमारीची ट्रॉलर होती, परदेशी बंदरं होती, वारा-वादळ होतं. रामचंद्रानं आधी त्याला पोरखेळ म्हटलं. मग हळूच एकदा सुकाणू धरून पाहिलं. आठवड्याभरात सकाळचा चहा तो तिथंच मागवू लागला, आणि घरातले हुकूम बंद झाले.

अडचण होती ती मॉनिटरची. जुना, पोटाळ, छोट्या काचेचा. रामचंद्र नाक टेकवून बघायचा. मुलगा प्रितेश गोव्यात नोकरीला होता, तो सुट्टीला येताना बापासाठी चाळीस इंची फुल एचडी टीव्ही घेऊन आला. गोव्याच्या हद्दीवरच्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर खोकं उघडून दाखवावं लागलं, आणि ती हकीकत सांगण्यातच त्याची अर्धी सुट्टी गेली. टीव्ही भिंतीवर चढला, केबल जोडली गेली, आणि प्रितेश परत गोव्याला गेला.

चित्र बघून रामचंद्राचं भान हरपलं. धक्क्यावरच्या माणसाच्या सदऱ्याची बटणं दिसत होती. त्यानं ट्रॉलर बाहेर काढली. आणि तिथंच घोटाळा झाला. समोरची लाट उठत नव्हती, फुगत नव्हती. लांब असायची आणि एकदम नाकाशी आलेली असायची. होडी वर जायची ती हिसक्यानं, खाली यायची ती हिसक्यानं, मधला भाग कुणीतरी कात्रीनं कापून टाकल्यासारखा. थोड्याच वेळात रामचंद्राच्या कपाळावर घाम आला, तोंडाला पाणी सुटलं. तो उठला, भिंतीला धरत मागीलदारी गेला आणि केळीच्या बुंध्याशी वाकला.

सावित्री धावत आली. "काय झाला?"

"बांगडो बरो नव्हतो कालचो."

हे त्यानं म्हणायला नको होतं. सावित्रीनं जन्मभर मासे विकले होते. तिच्या टोपलीतल्या बांगड्याला नाव ठेवणारा मालवणात दुसरा कुणी नव्हता. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलेना.

दुसऱ्या दिवशी बांगडा नव्हता, सुरमई होती, तरी तसंच झालं. आता मात्र रामचंद्राला आपल्या पोटाचं दुखणं कळलं, आणि कळल्यावर तो जास्तच घाबरला. कारण येत्या रविवारी गंगाराम यायचा होता. गंगाराम त्याच्याच वयाचा तांडेल, मित्रही तोच आणि वैरीही तोच. नव्या टीव्हीवर बोट कशी चालवतो ते बघायला ये, असं रामचंद्रानंच त्याला भर बाजारात ऐकवलं होतं. गंगारामासमोर ओकारी आली असती तर पुढच्या पिढीपर्यंत नाव निघालं असतं.

शुक्रवारी वर्षाली क्लासातून लवकर आली. सासरे टीव्हीकडे पाठ करून, मान मागे वळवून, एका डोळ्यानं बोट चालवत होते. ती दारातच थांबली.

"बाबानू, असे कित्या बसलास?"

रामचंद्रानं दोनदा घसा खाकरला. मग इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "कोणाक सांगू नको. माका बोट लागता."

वर्षालीनं ओठ घट्ट मिटले. तरी हसण्यानं खांदे हललेच. पण पुढच्या क्षणाला ती वाकून पडदा बघू लागली, आणि तिच्या चेहऱ्यावर क्लासातली मास्तरीण आली. "तुमची चूक नाय. ह्यां चित्र तुटक येता. डोळे म्हणतत होडी हलता, आंग म्हणता आपण खुर्चेर बसलंव, आणि वरसून हे धक्के. कोणाकय लागात."

हे ऐकून रामचंद्राला निम्मं बरं वाटलं.

तिनं मागे चालू असलेले बाकीचे प्रोग्राम बंद केले. फरक पडला नाही. कॉम्प्युटरचा डबा उघडला. पंख्यावर खाऱ्या हवेची चिकट धूळ बसली होती ती ब्रशनं काढली. मशीनची घरघर कमी झाली, लाटांचे हिसके तसेच. मग गेममध्ये कुठंतरी जाऊन तिनं पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा उघडला. एका सेकंदात किती चित्रं येतात ते तो दाखवत होता. अकरा.

"आता जुनो मॉनिटर लावन बघूया," ती म्हणाली. तो पोटाळ मॉनिटर कपाटामागून निघाला. त्यावर आकडा आला चोवीस, आणि लाट कशी लोण्यासारखी उठली.

"म्हणजे टीव्ही खराब?"

"टीव्ही बरो आसा. मशीनय बरां आसा. पण ह्या टीव्हीर जुन्यापेक्षा अडीच पट ठिपके आसत. प्रत्येक चित्रात मशीनाक तितके ठिपके रंगवचे लागतत. तेवढ्यात तां दमता."

रामचंद्र म्हणाला, "जाळां तेवढांच, पण आस बारीक केलो."

"आस म्हणजे?"

"जाळ्याची भोकां गो. भोकां बारीक केली की गाठी वाढल्यो. विणणारे हात तेवढेच. जाळां येळेर कसां होतला?"

"तसांच," वर्षाली म्हणाली, आणि ते वाक्य सोमवारी क्लासात वापरायचं तिनं ठरवलं.

परत टीव्ही जोडून तिनं गेमचे ठिपके कमी केले, बाराशे ऐंशी बाय सातशे वीसवर आणले. धक्क्यावरच्या माणसाची बटणं पुसट झाली. आकडा एकोणीस. रामचंद्रानं एक फेरी मारली आणि पोटावर हात ठेवला. हिसके अजून गेले नव्हते.

मग तिनं पाण्याची सजावट काढली. आकडा एकदम चाळिसाच्या वर उडाला. वर्षाली खुश झाली. रामचंद्र झाला नाही. पडद्यावर निळी सपाट जमीन पसरली होती आणि तिच्यावरून ट्रॉलर घसरत चालली होती.

"ह्यो दर्या नाय. ह्यां सारवलेलां खळां."

"पण बाबानू, जड तांच आसा. लाटो काढल्यो की सगळां सुरळीत."

"वादळात होडी जड झाली तर आमी काय करतंव? बर्फ टाकतंव, पेटयो टाकतंव, जेवणाची भांडी टाकतंव. जाळां अगदी शेवटाक. माझ्यो लाटो ठेव. बाकीचां मी सांगतंय तां टाक."

वर्षालीनं लाटा परत आणल्या, आकडा पुन्हा एकोणिसावर आला, आणि तिनं खुर्ची पुढे ओढली. मग दोघांनी मिळून परदेशातलं ते बंदर हळूहळू दर्यात बुडवलं. धक्क्यावरची माणसं गेली. हॉटेलच्या दिव्यांची पाण्यातली प्रतिबिंबं गेली. चिमणीतला धूर, आकाशातली पाखरं, कुंपणाची झाडं. रामचंद्र बोट दाखवायचा, वर्षाली यादीतली त्याच्यासमोरची खूण काढून टाकायची, आकडा एक-दोननं सरकायचा. सावल्या काढल्या तेव्हा मात्र सहानं वर गेला. "सावलेक एवढा काम?" रामचंद्राला नवल वाटलं. शेवटी तिसावर जाऊन आकडा स्थिर झाला. लाटा होत्या, क्षितिज होतं, ट्रॉलर होती. बाकी सगळं उघडंबोडकं.

वर्षालीनं स्वतः एकदा बटण दाबून पाहिलं आणि थबकली. "होडी उशिरा वळता. ह्यां कधी बोललास नाय तुमी?"

"मोठी बोट उशिरांच वळता. माका वाटला, गेमवाल्यान अभ्यास केल्यान."

ती खळखळून हसली. टीव्ही आलेलं चित्र आधी गुळगुळीत करतो, रंग चढवतो आणि मग दाखवतो, त्यात वेळ जातो, असं सांगून तिनं रिमोटवरून टीव्हीचा गेम मोड चालू केला. आता बोट बटणाबरोबर वळू लागली. रामचंद्र दिवेलागणीपर्यंत समुद्रात होता आणि सावित्रीनं ताट वाढल्यावर पोटभर जेवला. बांगडाच होता. त्यानं दोनदा मागून घेतला, तेव्हा कुठं ती बोलली.

रविवारी गंगाराम इस्त्रीचा सदरा घालून आला. रामचंद्रानं ट्रॉलर बंदराबाहेर काढून दाखवली, वळवून दाखवली, वादळात घालून दाखवली. गंगारामानं मान डोलावली नाही, पण खुर्ची जवळ घेतली. मग म्हणाला, "दी माका." तो बराच वेळ खोल समुद्रात फिरला आणि थांबला.

"हंय पाखरां कशी नाय?"

"काय?"

"पाखरां नाय थंय मासो खंयचो? जाळां टाकू खंय?"

हंगाम नाही, असं सांगून सुटता आलं असतं. रामचंद्राच्या ओठावर ते आलंही होतं. पण स्वतःच्या हातानं वाचवलेला तो समुद्र इतका चांगला चालला होता, की खोटं बोलावंसं त्याला वाटेना. "पाखरां मी काढूक सांगितलंय," तो म्हणाला. "माका बोट लागा होती."

गंगारामानं हातातला कीबोर्ड मांडीवर ठेवला. आधी त्याला कळलंच नाही. कळलं तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला आणि सावित्रीला पाणी घेऊन यावं लागलं. रामचंद्र कडू तोंडानं बसून राहिला. मग त्यालाही आपलंच हसू आलं.

सोमवारी सकाळपर्यंत सगळ्या किनाऱ्याला बातमी कळली. संध्याकाळी पाच-सहा तांडेल आणि खलाशी दारात उभे. रामचंद्रानं मनातल्या मनात कंबर कसली, पण चिडवायला कुणी आलं नव्हतं. प्रत्येकाला आपल्याला काय होतं ते बघायचं होतं.

"गो वर्षाली," गंगाराम म्हणाला, "ती पैली सेटिंग लाव. अकरावाली."

वर्षालीनं सासऱ्यांकडे पाहिलं. ते खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन ऐसपैस बसले होते. "लाव, लाव," ते म्हणाले.

बंदर परत उगवलं. सावल्या आल्या, धूर आला, पाखरं आली, आणि लाटा हिसके देऊ लागल्या. पहिला खलाशी मुकाट्यानं उठून अंगणात गेला. दुसऱ्यानं डोळे मिटले. गंगाराम सगळ्यांत जास्त टिकला. मग त्यालाही एकाएकी मागीलदारची केळ बघायची इच्छा झाली.

चहा घेऊन आलेली सावित्री रिकाम्या झालेल्या खुर्चीत टेकली. जन्मभर होडीवरून उतरलेला मासा तिनं विकला, पण होडीत पाय म्हणून ठेवला नव्हता; कुणी ठेवू दिला नव्हता. तिनं कीबोर्ड मांडीवर घेतला. "खंयचा बटण दाबूचा?" वर्षालीनं दाखवलं. ट्रॉलर हिसके देत धक्क्यापासून सुटली. सावित्रीच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती.

"डावीकडे घे," रामचंद्र म्हणाला. "फुडे खडक आसत."

"दिसतत माका," सावित्री म्हणाली, आणि तिनं बोट उजवीकडून काढून सरळ खोल पाण्यात घातली. अंगणातून कुणीतरी कण्हल्याचा आवाज आला. तिनं मान वळवली नाही. "स्वयंपाकघरात लिंबां आसत," ती म्हणाली. "चिरून घेवा."